निकोबार रिकामं नाहीये

आपल्याकडे कुणी "अंदमान-निकोबार करून आलो" म्हणालं की मी हमखास विचारतो, निकोबारला कुठं गेला होतात? मग समोरचा माणूस सेल्युलर जेल सांगतो, सावरकरांची कोठडी सांगतो, हॅवलॉक सांगतो, नील सांगतो. हे सगळं अंदमान. त्यात त्यांची काहीच चूक नाही म्हणा, टूरवाल्यांच्या पाटीवरच तसं लिहिलेलं असतं आणि शाळेत आपण दोन्ही नावं एका दमात पाठ केलेली असतात. पण निकोबार हा वेगळा जिल्हा आहे, त्याचा कलेक्टर वेगळा, त्याचे कायदे बरेचसे वेगळे, माणसं वेगळी, आणि पर्यटक म्हणून तिकडे सहज जाताच येत नाही. ग्रेट निकोबार बेटावरच्या मोठ्या बंदर प्रकल्पामुळे गेली काही वर्षं या जिल्ह्याचं नाव बातम्यांत सारखं येतंय, आणि त्यावर बोलणारी बरीच मंडळी अशी बोलतात की जणू तिकडे नुसतं जंगल आहे आणि कोणी राहतच नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझा संबंध सांगतो आधी. आमचे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, सैन्यातून निवृत्त झाल्यावर सत्तरच्या दशकात ग्रेट निकोबारला जमीन घेऊन गेले. सरकारने १९६९ पासून तिथे माजी सैनिकांची वसाहत करायला घेतली होती, पंजाबातली कुटुंबं आधी गेली, मग महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश अशा ठिकाणची. एकूण सव्वातीनशेच्या वर कुटुंबं. कोरेगावजवळच्या आमच्या गावात कुणाला ती जागा नकाशावर दाखवता यायची नाही, माझी आजी तर शेवटपर्यंत "तो काळ्या पाण्याला राहतो" असंच सांगायची, आणि तात्यांचं पत्र यायला इतके दिवस लागायचे की पत्रात आजारी म्हणून लिहिलेला माणूस पत्र पोचेपर्यंत बरा होऊन शेतावर जायला लागलेला असायचा.

आता भूगोल. अंदमानातलं सगळ्यात दक्षिणेचं बेट लिटल अंदमान, ते संपलं की मध्ये साधारण दीडशे किलोमीटर नुसतं पाणी आहे, त्याला टेन डिग्री चॅनल म्हणतात कारण दहा अंश उत्तर अक्षांश तिथून जातो. त्याच्या पलीकडे निकोबार सुरू होतं. बावीसेक बेटं, त्यातली निम्म्याच्या आसपास वस्तीची. सगळी जमीन मिळून १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण ही जमीन उत्तर-दक्षिण जवळपास तीनशे किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहे. वरती कार निकोबार. मधल्या झुपक्यात चौरा, तेरेसा, कच्छाल, कामोर्टा, नानकौरी, त्रिंकेत वगैरे. आणि खाली लिटल निकोबार, ग्रेट निकोबार आणि त्यांच्या आजूबाजूला कोंडुल, पुलो मिलो असली चिमुकली बेटं. ग्रेट निकोबारचं खालचं टोक म्हणजे इंदिरा पॉइंट, भारताचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. कन्याकुमारी नव्हे, ती मुख्य भूमीची. इंदिरा पॉइंटच्या खालच्या समुद्रातून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जगभरातली मालवाहू जहाजं जातात आणि त्याच्या पलीकडे सुमात्रा, दीडेकशे किलोमीटरवर. म्हणजे तिथल्या माणसाला इंडोनेशिया पोर्ट ब्लेअरपेक्षा कितीतरी जवळ. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, पण मला जुनंच तोंडात बसलंय.)

बेटं सगळी एकसारखी असतील असं वाटतं ना, तसं अजिबात नाही. कार निकोबार सपाट, प्रवाळाचं, नारळांनी गच्च भरलेलं. चौरा तर एवढंसं, आठेक चौरस किलोमीटर, पण पूर्वीपासून मडकी घडवायचा मान फक्त चौराच्या लोकांचा, आणि गंमत म्हणजे त्यासाठीची माती चौरावर नाहीच, ती होडीने तेरेसाहून आणायची. आसपासच्या बेटांची मडकी चौराहून जायची. कामोर्टा आणि नानकौरी यांच्या मध्ये जे बंदर आहे ते इतकं आडोशाचं की बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी शांत. आणि ग्रेट निकोबार डोंगराळ, माउंट थुलियर ६४२ मीटर, दाट पावसाळी जंगल, गलाथिया नदी. हे गलाथिया नाव डॅनिश जहाजाचं, १८४५ ते ४७ मध्ये जगप्रदक्षिणेला निघालेलं. हो, डेन्मार्क. १७५६ पासून शंभर वर्षांहून जास्त काळ निकोबारवर डेन्मार्कचा दावा होता, तामिळनाडूतल्या तरंगमबाडीहून ते कारभार बघायचे, म्हणजे बघायचा प्रयत्न करायचे, कारण जो येईल तो तापाने मरायचा. मध्येच ऑस्ट्रियाचे लोक येऊन गेले, तेरेसा हे नाव त्यांच्या राणीचं. शेवटी १८६८ मध्ये डेन्मार्कने हक्क सोडले आणि इंग्रजांनी १८६९ पासून ताबा घेतला. लांबच्या राजधानीतून कुणीतरी ठरवायचं आणि बेटावर येऊन ते फसायचं, हे इथं तेव्हापासून चालू आहे.

कारभाराचं सांगतो, कारण मला खरा इंटरेस्ट त्यातच आहे. अंदमान आणि निकोबार केंद्रशासित, विधानसभा नाही, वर उपराज्यपाल, अख्ख्या प्रदेशाला मिळून लोकसभेचा एक खासदार. आधी सगळा मिळून एकच जिल्हा होता, १ ऑगस्ट १९७४ ला निकोबार वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय कार निकोबारला, तिथे डेप्युटी कमिशनर बसतो. तीन उपविभाग: कार निकोबार, नानकौरी आणि ग्रेट निकोबार. मधल्या भागाचं ऑफिस कामोर्टाला, खालच्याचं ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे या गावाला. आता हे बघा, २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३६,८४२. त्यात कार निकोबारला १७,८४१ माणसं, आणि ते बेट आहे १२७ चौरस किलोमीटर. ग्रेट निकोबार एकटं एक हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे जिल्ह्याची निम्म्याहून जास्त जमीन, आणि तिथे माणसं आठ हजारांच्या आसपास. म्हणजे जमीन एका टोकाला, माणसं दुसऱ्या टोकाला आणि मध्ये समुद्र. आपल्याकडे कलेक्टर गाडीत बसला की दुपारपर्यंत जिल्ह्याच्या कुठल्याही कोपऱ्यात पोचतो, तिथे बोट नाहीतर हेलिकॉप्टर, आणि दोन्ही हवामानावर.

त्यामुळे या जिल्ह्यात सरकार म्हणजे बोट. मी हे तात्यांकडून ऐकून होतो पण स्वतः गेलो तेव्हा कळलं. पोर्ट ब्लेअरहून सुटलेली बोट आधी कार निकोबार, मग कामोर्टा, मग कॅम्पबेल बे. एकूण साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, पण बोट मध्ये थांबत थांबत जाते आणि समुद्र बरा नसेल तर एखादा थांबा रद्द होतो, त्या थांब्यावर उतरणारी माणसं मग पुढे जातात आणि परतीच्या बोटीने उतरतात. कुणी चिडत नव्हतं हे मला फार वेगळं वाटलं. कार निकोबारच्या धक्क्यावर बोट लागली, आमच्याकडे तिथला पास नव्हता त्यामुळे उतरता येणार नव्हतं, मी कठड्याला टेकून नुसता बघत होतो. क्रेनच्या जाळीतून कांद्याची पोती उतरत होती, अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून दोरीने बांधलेले, गॅसच्या टाक्या, एक नवी कोरी शिवणयंत्राची पेटी, आणि कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी चिकटवलेला औषधांचा थर्माकोलचा डबा, तो मात्र क्रेनवर न टाकता एका नर्सताईंनी स्वतः हातात धरून शिडीवरून उतरवला. वर येताना सुपारीची पोती, नारळ, आणि पोर्ट ब्लेअरच्या हॉस्पिटलला निघालेला एक म्हातारा, त्याला चौघांनी खुर्चीत बसवून वर घेतला. शाळेचा निकाल, रेशन, पेन्शन, पेशंट, बदलीवर आलेला मास्तर, निवडणुकीची मशिनं, सगळं याच शिडीवरून. तिकीट मिळालं नाही तर तिथला माणूस अडकला, मग लग्न असो नाहीतर ऑपरेशन. जिल्ह्याचा विकास वगैरे शब्द कुणी वापरले की मला तो थर्माकोलचा डबाच आठवतो, एक बोट वाढली तर तिथे केवढा फरक पडेल.

पास म्हणालो ते काय? १९५६ चा एक कायदा आहे, आदिवासी संरक्षणाचा, तो तिथे अजूनही सगळ्यात महत्त्वाचा कायदा आहे. त्यानुसार निकोबारचा बहुतेक भाग आदिवासी राखीव क्षेत्र आहे, बाहेरच्याने परवानगीशिवाय जायचं नाही, जमीन घ्यायची नाही, धंदा टाकायचा नाही. काही लोकांना हे अन्यायाचं वाटतं, आपल्याच देशात जायला पास कशाला असं म्हणतात. मला उलट वाटतं की हा कायदा नसता तर आज कार निकोबारच्या किनाऱ्यावर एकही नारळाचं झाड मूळ मालकाकडे राहिलं नसतं, रिसॉर्टवाल्यांच्या नावावर गेलं असतं सगळं. कोकणात काय झालंय आपण बघतोच आहोत.

आणि निकोबारी लोकांचा स्वतःचा कारभार आहे, चांगला जुना आणि चालणारा. प्रत्येक गावाला कॅप्टन. फर्स्ट कॅप्टन, सेकंड कॅप्टन, थर्ड कॅप्टन. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची, आता गावातली माणसं मतदान करून निवडतात, बायकाही कॅप्टन झालेल्या आहेत. आपल्यासारखी ग्रामपंचायत निकोबारी गावांत नाही. गावांच्या वर ट्रायबल कौन्सिल, तिच्यासाठी २००९ चा वेगळा नियम आहे. सरकारी अधिकाऱ्याला गावात काही करायचं तर आधी कॅप्टनशी बोलावं लागतं. जमीन एकट्या माणसाच्या नावावर नसते, ती तुहेतची असते, तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, पन्नास-शंभर माणसांचं सुद्धा असू शकतं, नारळाची बाग, डुकरं, घरं सगळं तुहेतच्या मालकीचं. कुणाला कुठली झाडं वापरायची हे तुहेतचा प्रमुख ठरवतो. सात-बारा नाही पण कुणाची हद्द कुठली हे सगळ्यांना माहीत.

कार निकोबारचे बिशप जॉन रिचर्डसन यांचं नाव तर महाराष्ट्रात कुणी ऐकलेलंच नसतं. १८८४ चा जन्म, निकोबारी माणूस, बर्मात शिकले, परत येऊन शाळा चालवली, निकोबारी भाषा लिहिती केली, बायबलचं भाषांतर केलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेटं घेतली तेव्हा फार छळ झाला, त्यातून ते वाचले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण. आज तिथली बहुसंख्य निकोबारी माणसं ख्रिश्चन आहेत त्यामागे त्यांचं काम आहे, पण लोक त्यांना धर्मगुरूपेक्षा घरातला वडीलधारा माणूस म्हणून जास्त आठवतात असं मला बोटीवरच्या निकोबारी सहप्रवाशांशी बोलताना जाणवलं.

ग्रेट निकोबारचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे तीन प्रकारची माणसं आहेत. जंगलात शोंपेन आदिवासी, २०११ ला त्यांची संख्या २२९ नोंदवली गेली, बाहेरच्या जगाशी फार कमी संबंध ठेवून राहणारी. २०२४ च्या लोकसभेला त्यांच्यातल्या सात जणांनी पहिल्यांदा मतदान केलं. दुसरे दक्षिणेकडच्या आणि पश्चिम किनाऱ्यावरचे निकोबारी. आणि तिसरे आमच्या तात्यांसारखे वसाहतवाले, पूर्व किनाऱ्यावर. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये काही भाग राखीव क्षेत्रातून काढला गेला. कॅम्पबेल बे, गोविंद नगर, जोगिंदर नगर, विजय नगर, लक्ष्मी नगर, गांधी नगर, शास्त्री नगर, अशी गावं एका रस्त्यावर ओळीने. रस्ता सीमा सडक संघटनेने बांधला, कॅम्पबेल बेपासून मोजलेले किलोमीटर हाच गावाचा पत्ता, शास्त्री नगर म्हणजे पस्तीस किलोमीटर. या वसाहतीत मात्र ग्रामपंचायती आहेत. म्हणजे एकाच बेटावर एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला कॅप्टन, आणि जंगलात दोन्ही नाही.

तात्या सांगायचे की पहिली काही वर्षं जंगल तोडून भातशेती तयार करण्यात गेली. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि तो जून-सप्टेंबरपुरता नाही, जवळजवळ वर्षभर येत-जात असतो, त्यामुळे आपल्याकडचं शेतीचं कॅलेंडर तिथे काहीच कामाचं नाही. घरात गणपती बसायचा, शाडू नसायची म्हणून तिथल्याच मातीची मूर्ती, शेजारचे सरदारजी आरतीला यायचे आणि आमच्या काकू लंगरला रोट्या लाटायला जायच्या. केरळचे लोक नारळ-सुपारी कशी लावायची शिकवायचे, कोरडवाहू जमिनीतून गेलेल्या आमच्या माणसांना त्यातलं काय कळतंय. तात्यांच्या पोरांची आपापसातली भाषा हिंदीच झाली, मराठी आईबापांशी बोलण्यापुरती.

२६ डिसेंबर २००४. रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप, ९.१ चा, केंद्र उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. थोड्याच वेळात लाटा. तात्यांचं घर चढावर होतं म्हणून वाचलं, खालची भाताची जमीन गेली. गेली म्हणजे वाहून गेली असं नाही, जमीनच खचली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खाली गेली, १९७२ पासून किनाऱ्यावर उभा असलेला दीपस्तंभ पाण्यात आला. तिथली वस्ती नाहीशी झाली. त्याच वेळी उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली. तात्यांच्या शेतात तेव्हापासून भरतीचं पाणी येतं, मी गेलो तेव्हा बांधाच्या जागी मेलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे उभे होते आणि तात्यांनी हात करून दाखवलं, ते तिथं, तिसऱ्या खोडापर्यंत आपलं.

अंदमान-निकोबारमध्ये सरकारी आकड्यानुसार मेलेले आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास, बहुतेक सगळे निकोबार जिल्ह्यातले. कच्छालला सगळ्यात जास्त फटका. त्रिंकेत बेटाचे तुकडे झाले आणि तिथली माणसं कामोर्टाला हलवली. कार निकोबारच्या हवाईदलाच्या तळावर जवान आणि त्यांच्या घरची माणसं मिळून ११६ गेली. आणि कारभाराच्या दृष्टीने बघा, जिल्ह्याचं मुख्यालय कार निकोबारच्या किनाऱ्यावर, ते स्वतःच बुडालं. मदत करायची ज्यांनी ती माणसं स्वतः आपली पोरं शोधत होती. धक्के तुटलेले त्यामुळे बोटी लागेनात, फोन बंद. २००१ ला ४२,०६८ असलेली लोकसंख्या २०११ ला ३६,८४२ वर आली.

नंतर पैसा आला, संस्था आल्या. माणसांनी खूप मनापासून काम केलं, ते मान्यच केलं पाहिजे. पण घरं बांधताना तुहेत कुणी फारसा विचारात घेतला नाही. मोठ्या गोल झोपड्यांत एकत्र राहणाऱ्या माणसांना नवरा-बायको-पोरं असे वेगवेगळे करून पत्र्याची, लोखंडी सांगाड्याची घरं ओळीत दिली, किनाऱ्यापासून आत. मदतीचे पैसे कुटुंबप्रमुखाच्या नावाने बँकेत, आणि कुटुंब म्हणजे आपली व्याख्या. ज्यांच्याकडे बँकेचं खातंच नव्हतं त्यांच्याकडे एकदम मोठी रक्कम. पैसा मोटरसायकल आणि टीव्हीत गेला, नारळाच्या बागा परत लावायला माणसं एकत्र येईनात. हे कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. फॉर्ममध्ये तुहेतचा रकाना नव्हता, एवढीच गोष्ट, आणि तेवढ्यानं एवढं झालं.

आणि इथून मी मूळ मुद्द्यावर येतो. ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला आणि पश्चिम किनाऱ्यावर निकोबाऱ्यांची गावं होती, चिंगेन, इन हेंग लोई, पुलो बाहा, कोकेओन, पुलो पक्का, पुलो भाबी. त्सुनामीत जी माणसं वाचली त्यांना कॅम्पबेल बेजवळ आणून ठेवलं, राजीव नगर आणि न्यू चिंगेन या वस्त्यांत. तात्पुरतं म्हणून. तेव्हापासून ती माणसं परत जायचं म्हणतायत, पण तिकडे रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, त्यामुळे थांबा, थांबा. पोरं तिथंच मोठी झाली. आणि दरम्यान कागदावर ती गावं वस्ती नसलेली झाली.

मग मोठा प्रकल्प आला. मालवाहू जहाजांचं मोठं बंदर, विमानतळ, वीज केंद्र, शहर. ७२ हजार कोटींचा म्हणून जाहीर झाला, १६६ चौरस किलोमीटर जागा, त्यातलं १३० चौरस किलोमीटर जंगल. बंदर गलाथियाच्या मुखाशी, जिथे लेदरबॅक ही जगातली सगळ्यात मोठी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ते अभयारण्य होतं, जानेवारी २०२१ मध्ये त्याचा दर्जा काढून टाकला. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायची ती हरियाणात. आणि आठेक हजार माणसांच्या बेटावर पुढच्या तीसेक वर्षांत साडेतीन लाख लोक राहतील असा अंदाज. पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेतले पंकज सेखसरिया यांनी या बेटांवर कित्येक वर्षं लिहिलंय, त्यांच्यामुळे आपल्याकडे निदान थोडी चर्चा तरी झाली.

संरक्षणाच्या दृष्टीने बेट महत्त्वाचं आहे हे मला पटतं. आमचे तात्या सैनिकच होते, त्यांना तिथे पाठवलं त्यामागेही सीमेवर आपली माणसं असावीत हाच विचार होता. कॅम्पबेल बेला २०१२ पासून नौदलाचा आयएनएस बाझ हा तळ आहे, तो असायलाच हवा. धक्का मोठा करा, धावपट्टी मोठी करा, हॉस्पिटल द्या, वसाहतीतली माणसं आनंदाने तयार होतील. पण लिटल आणि ग्रेट निकोबारच्या ट्रायबल कौन्सिलने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेली संमती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार आपली जुनी गावंच त्या प्रकल्पाच्या जागेत येतायत हे त्यांना आधी नीट सांगितलंच गेलं नव्हतं. कौन्सिल हीच तिथली कायदेशीर संस्था आहे, कॅप्टन हेच तिथले लोकप्रतिनिधी आहेत. त्यांचं ऐकायचं नसेल तर १९५६ चा कायदा कशाला ठेवलाय, २००९ चा नियम कशाला केला. एखादं गाव वीस वर्षं ओस पडलं म्हणून त्यावरचा हक्क जातो का? कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं अजून आपल्या गावाचं नाव लावतात, साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

त्यातही शोंपेन. त्यांची बाजू मांडायला कॅप्टनही नाही. जंगलात ते कुठे फिरतात, कुठल्या ओढ्यावर कधी येतात याची माहिती बाहेरच्या फार थोड्या लोकांना आहे, आणि साधा सर्दी-खोकला सुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचा. साडेतीन लाख लोक शेजारी आल्यावर दोन-सव्वादोनशे माणसांचं काय होतं हे अंदमानात इंग्रजांच्या काळात ग्रेट अंदमानी आदिवासींच्या बाबतीत दिसलेलं आहे. हजारोंनी असलेली माणसं आज पन्नास-साठच्या आसपास उरली आहेत.

तात्या आता नाहीत. जमीन पाण्यात गेल्यावरही ते परत आले नाहीत, माझा धाकटा चुलतभाऊ तिथेच आहे, सुपारी आणि थोडं दुकान. त्याला प्रकल्पाबद्दल विचारलं तर तो म्हणतो दादा, आम्हाला बंदर पाहिजे का ते विचारायला अजून कोण आलं नाही, जमिनीची मोजणी करायला मात्र आले. वसाहतवाल्यांच्या जमिनीचा काही भाग त्या आराखड्यात जातो. त्सुनामीत गेलेल्या जमिनीचा हिशोबच अजून सगळ्यांचा पुरा झालेला नाही, त्यात हे.

आपल्या महाराष्ट्रातून जी कुटुंबं तेव्हा गेली त्यांची नोंद मराठीत मला कुठेच नीट सापडली नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, कुठूनही असो, तुमच्या घरातलं कुणी १९६९ नंतर ग्रेट निकोबारला जमिनीवर गेलं असेल तर घरात शोधा. वाटपाचा कागद, जुनी इनलँड पत्रं, वसाहतीतले फोटो, त्सुनामीच्या आधीच्या किनाऱ्याचे तर खासच, कारण तो किनारा आता कुठल्याच नकाशात नाही. पत्रं मिळाली तर फेकू नका, फोटो काढून ठेवा, तारखेसकट. माझ्याकडे तात्यांची पिशवीभर आहेत, १९७० च्या दशकातली, शाई पसरलेली पण वाचता येतात. एकेक करून टाइप करायला घेतली आहेत, पुढच्या वेळेला त्यातली पहिली काही टाकतो, बोटीच्या प्रवासाची आणि जंगल तोडायला सुरुवात केली त्या दिवसांची.